ऊन आणि बोटभर मलम

लग्नात मामांनी जबरदस्तीनं पावडर फासली होती तेवढी सोडली, तर पन्नाशी गाठेपर्यंत माझ्या तोंडाला पाण्याशिवाय काही लागलं नव्हतं. आज मात्र मलमांवर मी एवढं बोलतो की पौडचा मेडिकलवाला मला गल्ल्यावर बसवायला तयार आहे. हे लिहायला लावलं ते आमच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी. त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखे शेतकरी माझ्याकडे सारखे येतात आणि कंटाळून मधेच सोडून देतात. तुमचं झालं गेलं तुमच्या शब्दांत लिहा, मी त्यांना वाचायला देईन." माझं शिक्षण अकरावीपर्यंतचं. चूकभूल असेल तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

आमचं गाव माले, पौडच्या पुढे मुळशीच्या रस्त्याला. गावात मला आप्पा म्हणतात. घरी मी आणि माझी बायको शेवंता, आणि भाताची थोडी खाचरं. मुलगा संतोष आणि सून वैशाली बावधनला फ्लॅटमध्ये राहतात, दोघंही हिंजवडीच्या कंपनीत नोकरीला. वैशाली मूळची लातूरकडची.

डोळ्यांपासून सुरुवात

दोन हजार चारच्या पावसाळ्यात एका सकाळी माझ्या पापण्या सुजल्या. मी म्हटलं, काहीतरी चावलं असेल. मग कान, मान, मनगटं. सदरा जिथं सुरू होतो तिथं आजार बरोबर थांबायचा, जणू कुणी रेघ आखून दिली होती. खाज अशी की खाजवावं तर कातडी निघावी आणि न खाजवावं तर जीव जावा.

औषध सांगायला गाव कमी पडत नाही. हळद झाली, निंबाचा पाला झाला, दोनदा दृष्ट काढून झाली. दसऱ्यापर्यंत तोंडाची कातडी जाड, काळी पडून तिला चिरा गेल्या. कानाच्या पाळ्या फुगल्या. घरी येणारी माणसं ओट्यावरूनच बोलायला लागली आणि चहाला नको म्हणायला लागली. शेजारचा कोंडिबा माझा लहानपणापासूनचा सोबती. तो एकदा जमिनीकडं बघत म्हणाला, "आप्पा, सरकारी दवाखान्यात दावून बघ की. त्यो रोग आता बरा हुतोय म्हणत्यात."

कुठला रोग ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आम्हा दोघांनाही महारोगच वाटत होता. शेवंता शेजारीच तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले आणि पुन्हा सुरू झाले.

पाठीवरच्या पट्ट्या

डोळे उघडेनासे झाले तेव्हा संतोषनं मला उचलून पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई वयानं माझ्या मुलीसारख्या. त्यांनी तोंडाकडं फारसं पाहिलंच नाही. कानामागं पाहिलं, हनुवटीखाली पाहिलं, आणि विचारलं, "शेताच्या बांधावर काय उगवतं?" मला वाटलं, बाई गप्पा मारतायत.

मला वॉर्डात ठेवून घेतलं. तोंडावर गार पाण्यात भिजवलेल्या घड्या ठेवायच्या, त्या वाळल्या की बदलायच्या, गोळ्या गिळायच्या आणि पडून राहायचं. त्या वॉर्डात आरसा नव्हता. आधी मला तो दवाखान्याचा कंजूषपणा वाटला. शेजारच्या खाटेवरचे निवृत्त कंडक्टर, ज्यांच्या अंगाची सालं निघत होती, ते म्हणाले, "नाही तेच बरंय हो आप्पा. आपण एकमेकांना बघतोय तेवढं पुरे." त्या माणसानं मला हसवलं नसतं तर मी तिथून पळून आलो असतो.

सूज उतरल्यावर बाईंनी माझ्या पाठीवर चौकोनी पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येकीखाली वेगळी वस्तू. दोन दिवसांनी काढल्या तर बाकी पाठ स्वच्छ आणि एकच चौकोन लालभडक, निखारा ठेवल्यासारखा.

"हे गाजरगवत," बाई म्हणाल्या.

मी हसलोच. ते पांढऱ्या फुलांचं गवत आमच्याकडं बांधावर आहे, शाळेच्या पटांगणात आहे, देवळामागं आहे. शहरातल्या लोकांनी जमिनी घेऊन तारेचं कुंपण घातलं आणि पडीक ठेवल्या, तिथं तर छातीएवढं माजलंय. त्यातून मी आयुष्यभर चाललो. बाईंनी समजावून सांगितलं. त्या गवताची धूळ हवेतून अंगावर बसते. माझ्या कातडीनं ती वर्षानुवर्षं सोसली, मग एक दिवस ती बिथरली. आणि एकदा बिथरली ती गवतावरच थांबली नाही, उन्हावरही उठली.

"हा महारोग नाही. कुणाला लागत नाही," त्या म्हणाल्या.

शेवंता म्हणाली, "बाई, पुन्यांदा सांगा." बाईंनी पुन्हा सांगितलं. शेवंतानं पदर तोंडाला लावला. लग्नानंतर तिला चारचौघांत रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग बाईंनी खरं सांगितलं. शक्य असेल तर शेती सोडा, त्या गवतापासून आणि उन्हापासून लांब राहा. संतोष लगेच म्हणाला, "आप्पा, आमच्याकडची एक खोली रिकामीच आहे." पोरगं प्रेमानंच बोललं. पण मला ते पटेना. आमच्या खाचरात माझ्या आधी माझा बाप आणि त्याचा बाप वाकून उभे राहिले. चौथ्या मजल्यावरच्या खोलीत बसून मी काय करणार होतो? मी म्हटलं, "पुढची लावणी होऊ दे. दिवसभर खाचरात उभं राहून तोंड सुजलं नाही तर राहतो. सुजलं तर बिऱ्हाड हलवतो." संतोषनं बाईंकडं पाहिलं. बाई म्हणाल्या, "बघू या." डॉक्टर बघू या म्हणाला की आपण ते हो समजायचं असतं, ही माझी समजूत.

बंद खोलीतलं ऊन

घरी आल्यावर खिडकीला गोणपाट लावून मी दिवसा आत बसू लागलो. जन्मभर उन्हात राबलो पण ऊन नीट पाहिलं ते त्या अंधारात. कौलाच्या एका फटीतून सकाळी रुपयाएवढा उजेड भिंतीवर पडायचा. तो सरकत सरकत कणगीवर चढायचा, दुपारी जमिनीवर उतरायचा, पलीकडच्या भिंतीपाशी जाऊन तांबडा व्हायचा आणि विझायचा. आठवडाभर बघितल्यावर कळलं की तो रोज तिथंच येत नाही, बोटाबोटानं वाट बदलतो. एवढं मोठं चक्र माझ्या घरातून रोज जात होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

भीती तर होतीच. जो उजेड भाताला दाणा देतो, तोच माझी कातडी फाडतो. पण त्या ठिपक्याकडं पाहून मला राग कधी आला नाही. मी त्याला आपोआप हात जोडायचो.

तीन मलमं

संतोषनं आधी शहरातलं उन्हाचं क्रीम आणलं होतं. वास असा की गणपतीच्या मांडवात उभं राहावं. लावलं आणि तासाभरात तोंडाची आग झाली. बाईंनी ते फेकायला लावलं. म्हणाल्या, वासाचं काही नको, कातडीत मुरणारं नको. खनिजाचं पाहिजे, म्हणजे झिंक ऑक्साइड नाहीतर टिटॅनियमचं. ते मुरत नाही, कातडीवर थर होऊन बसतं आणि ऊन बाहेरच्या बाहेर अडवतं. महागच पाहिजे असंही नाही.

झिंक म्हणजे जस्त. वैद्य ज्याचं यशदभस्म देतात तेच. शाळेत शिकलो होतो की सूर्य कोट्यवधी मैलांवर आहे आणि त्याचा उजेड तेवढा प्रवास करून येतो. तेवढ्या लांबून आलेल्याला शेवटच्या केसभर अंतरावर एक पांढरी भुकटी म्हणते, थांब, आणि तो थांबतो. मी बाईंना दोनदा विचारलं, खरंच का? त्या म्हणाल्या, खरंच. मला अजूनही त्याचं नवल जात नाही.

पौडच्या मेडिकलमधून तीन वस्तू आणल्या. कॅलामाइन लोशन, गुलाबी आणि पातळ, त्यातही जस्तच, सगळ्यांत स्वस्त. टिटॅनियमची ट्यूब, त्यातल्या त्यात महाग. आणि तान्ह्या बाळाच्या ढुंगणाला लंगोटानं पुरळ येतं त्यावरचं झिंकचं घट्ट मलम. ते मागितल्यावर मेडिकलवाला म्हणाला, "आप्पा, बारसं कवा हाय?" मी म्हटलं, "माझंच हाय, ये जेवायला."

वैशालीनं युक्ती काढली. अर्ध्या तोंडाला एक, अर्ध्याला दुसरं, म्हणजे फरक कळेल. मी अर्धा गुलाबी, अर्धा पांढरा होऊन सकाळी बांधावर थोडा वेळ उभा राहायचो. बैलांनी हुंगून पाहिलं. कोंडिबा म्हणाला, "येका बाजूनं देव दिसतुयास, दुसऱ्या बाजूनं भूत." निदान तो जवळ येऊन बोलला.

पण उत्तर काही मिळेना. आज उजवी बाजू बरी, उद्या दोन्ही सुजलेल्या. तीनही मलमं आलटून पालटून नापास. गवताला तर मी हात लावत नव्हतो, आमच्या बांधावरचं सगळं माणसं लावून उपटून टाकलं होतं. मधे तपासणीसाठी बावधनला राहिलो, तर तिथल्या गच्चीवर भर उन्हात तिन्ही मलमं पास. मालेला परतलो की दोन दिवसांत डोळे बंद.

संतोष म्हणाला, "आप्पा, आता तरी ऐका." शेवंतानं त्या आठवड्यात तिच्या कोंबड्या कोंडिबाच्या घरी देऊन टाकल्या. मला विचारलं नाही. तिनं मनानं बिऱ्हाड हलवलं होतं, हे मला रिकाम्या खुराड्यावरून कळलं.

वैशालीचा रविवार

वैशालीची नोकरी म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या. मी थट्टेनं म्हणायचो, हे काम तर प्रत्येक सून फुकट करते. चैत्रातल्या एका रविवारी ती एकटीच आली आणि ओट्यावर ठाण मांडून बसली.

"आप्पा, ऊन तेच, मलम तेच, तुम्ही तेच. तिकडं चालतंय, इकडं फेल होतंय. म्हणजे इकडं एखादी गोष्ट एक्स्ट्रा आहे. आज तुम्ही रोजच्यासारखं वागा, मी फक्त बघते."

मी मलम लावलं, टोपी घातली, शेणखताची पाटी उचलली. घाम आला, पंच्यानं तोंड टिपलं. पुन्हा घाम आला, पुन्हा टिपलं. दुपारी तिनं विचारलं, "आई, आप्पांचा पंचा रोज धुता?"

शेवंता जरा अभिमानानंच म्हणाली, "धुते म्हंजी? कडक पाण्यात, येगळ्या साबनानं. दवाखान्यातनं आल्यापासनं येक दीस चुकवला न्हाई."

"आणि वाळत कुठं घालता?"

"दोरीवर समद्यांची कापडं असत्यात, धूळ उडती, म्हून मागल्या अंगाला. चांगलं हिरव्यागार सोच्छ झाडावर."

आम्ही तिघं घरामागं गेलो. आमची हद्द संपते तिथं शहरातल्या कुणाची तरी विकत घेतलेली जागा आहे. तारेतून गाजरगवत आमच्या बाजूला लवलं होतं, आणि त्याच्या पांढऱ्या फुलांवर माझे दोन पंचे नीट चारी टोकं ताणून वाळत पडले होते. पूर्वी माझा पंचा आठवड्यात एकदा धुतला जायचा आणि दोरीवर पडायचा. आजारात तो रोज गवतावर जायला लागला आणि मी दिवसभर तोच तोंडाला चोळत होतो. आमच्या बांधावरचं तेवढं आम्ही गवत धरलं होतं, तारेपलीकडून लवलेल्याला झाड म्हणत होतो, एवढंच.

कामात चूक सापडली की वैशाली घरी येऊन नाचते म्हणे, संतोष सांगतो. तिथं ती आपल्या सासूकडं बघत नुसती उभी राहिली.

शेवंता गवतावरचे पंचे ओढून घेत म्हणाली, "म्हंजी मीच."

मी म्हटलं, "तू न्हाई गं. गवत."

"हातानं नेऊन मीच घालत व्हते न्हवं. दुखतंय म्हून आनखी धूत व्हते, आन् धुतलं म्हून आनखी दुखत व्हतं."

माणसाची माया एवढी जपून, एवढी न चुकता दुखवू शकते हे मी तेव्हा पाहिलं. पण राग धरायचा तर कुणाचा? मी तिच्या हातातून ते पंचे घेतले आणि चुलीत घातले.

शेवंताचे हात

दुसऱ्या दिवसापासून दोरी घरात आली, आणि मलमाची डबी शेवंताच्या ताब्यात गेली. "तुमाला कानामागचं दिसत न्हाई, तुमी हिथं बसा," म्हणून ती मला ओट्यावर बसवायची. आमच्या लग्नाला तेव्हा तीस वर्षं होत आली होती. आमच्याकडं नवराबायको दिवसाउजेडी एकमेकांच्या हाताला हात लावत नाहीत. ती माझं तोंड दोन्ही हातांत धरून कपाळ, नाक, पापण्यांची कड, कानाच्या पाळ्या अशी बोटं फिरवायची. खुरप्यानं घट्टे पडलेली ती बोटं. येणारी जाणारी माणसं बघायची, ती मान वळवायची नाही. मी आधी लाजलो, मग डोळे मिटून घ्यायला शिकलो.

आता मलमांची खरी परीक्षा झाली. पौडला येणाऱ्या प्रत्येकाला मी तोंडी सांगतो तेच इथं सांगतो. कॅलामाइन गार वाटतं, खाज निवते, पण वाळून भेगाळतं आणि घामाच्या पहिल्या धारेबरोबर सदऱ्यावर उतरतं. घरात बसणाऱ्याला ठीक. टिटॅनियमची ट्यूब दिसायला सगळ्यांत चांगली, तोंड थोडंच पांढुरकं दिसतं, लग्नाकार्याला उत्तम. पण घाम टिपला की तीही पुसली जाते आणि पुन्हा लावावी लागते. बाळाचं मलम जाड, चिकट, उकडणारं. लावल्यावर माणूस पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसतो. पण ते सोडत नाही. वर पाणी ओतलं तर अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळतं. नांगर, पाऊस, घाम ज्याला आहे त्यानं लाज सोडावी आणि ते लावावं. लांब बाह्यांचा सदरा, टोपी आणि बाईंच्या गोळ्या याबरोबर चालूच. मला जे लागू पडलं ते तुम्हाला पडेलच असं नाही, म्हणून आधी पट्ट्या लावून घ्या आणि घरातले पंचे कुठं वाळतात ते उठून बघा.

लावणी

आषाढात खाचरं भरली. आभाळ पूर्ण झाकलेलं होतं, पण बाईंनी बजावलं होतं की ढगातूनही ऊन उतरतं, फसू नका. शेवंतानं त्या सकाळी नेहमीपेक्षा जाड थर दिला. लावणीला आलेल्या बायका मला बघून पदराआड हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "आप्पा, नवरदेव दिसतुयास." कोंडिबा माझ्या शेजारच्या ओळीला येऊन उभा राहिला.

चिखलात पाय गेले. वर्षभरानं. गार, मऊ, बोटांच्या बेचक्यातून वर येणारा चिखल. रोपांची मूठ हातात आली आणि मी वाकलो. पाऊस मलमावरून ओघळून हनुवटीवरून खाचरात पडत होता. त्या पाण्यात ढगाळ उजेड पसरला होता, आणि तो माझ्या तोंडाखाली, चारी बाजूंनी, डोंगरापर्यंत होता. वर्षभर ज्याच्यापासून लपलो त्याच्या मधोमध मी उभा होतो. दुपारी एकदा ढग फाटले आणि सगळं खाचर पेटल्यासारखं लखलखलं. मी पळालो नाही. मला भीती वाटत होती आणि एवढं सुंदर मी काही पाहिलेलं नव्हतं, दोन्ही एकदमच.

संध्याकाळी शेवंतानं तेलाच्या बोळ्यानं थर काढला. तोंड ठीक होतं, पण त्याला अर्थ नव्हता. माझी सूज नेहमी दुसऱ्या दिवशी सकाळी यायची. संतोष आणि वैशाली मुक्कामाला थांबले. संतोषनं गाडी दाराशी लावून ठेवली होती. कुणी नीट जेवलं नाही.

सकाळी जाग आली तेव्हा मी डोळे उघडायचा प्रयत्नच केला नाही. उघडले नसते तर? हात उचलून तोंडाला लावायची छाती होईना. बाहेर पाऊस चालू होता, चुलीवर काहीतरी उकळत होतं, संतोष कुणाशी तरी हळू बोलत होता. मग शेवंताची पावलं आली. ती माझ्या उशाशी बसली. तिचा तळवा कपाळावर टेकला, तिथून पापण्यांवर आला, मग गालावर, मग कानाच्या पाळीवर. तिथं तो थांबला. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"उठा," ती म्हणाली. "वरचं खाचर राहिलंय."